अभ्यासपाठ : सत्तेलाही बांध आहे

शास्त्रभाग : अनुवाद १७:१४-२०, १ राजे २१:१-१९, प्रेषितांची कृत्ये १६:३५-४०, रोमकरांस पत्र १३:१-७



या पाठाची सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करते. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपुड्याच्या उतारावरील एका पाड्यावर आमचे काम चालू होते. तिथल्या एका आजोबांचा वनहक्काचा दावा फेटाळला गेला. हातात आलेल्या कागदावर एकच ओळ होती : पुराव्याअभावी अमान्य. कोणता पुरावा कमी पडला, याचा उल्लेख नव्हता. आजोबांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, "ताई, सरकारनंच नाही म्हटलं. आता कोणाला विचारायचं?"

मी त्यांना रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आठवून उत्तर दिले. अधिकारी देवाने नेमलेले आहेत, त्यांचा निर्णय मानावा, प्रभू दुसरी वाट दाखवील, असे सांगून प्रार्थना केली आणि निघाले. त्या पावसाळ्यात आजोबांनी अर्धे शेत पडीक ठेवले. धाकटा मुलगा मजुरीसाठी गुजरातला गेला. काही महिन्यांनी एका प्रशिक्षणात वकिलांकडून समजले की अशा निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत दाद मागता येते. साठ दिवस केव्हाच संपले होते. मी वचन चुकीचे सांगितले नव्हते, अर्धेच सांगितले होते. उरलेला अर्धा भाग या पाठात आपण पाहू.

१. राजाच्या हाती नियमशास्त्राची प्रत

इस्राएल लोकांना अजून राजा नव्हता, तेव्हाच अनुवादाच्या सतराव्या अध्यायात राजाविषयीचे नियम दिले गेले. राजाने फार घोडे बाळगू नयेत, फार सोनेरुपे साठवू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गादीवर बसल्यावर त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचावी. कशासाठी? आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण मोठे आहोत असे त्याला वाटू नये यासाठी. म्हणजे राजा नियमाच्या वर नाही. ज्या नियमाने तो प्रजेचा न्याय करणार, त्याच नियमाखाली तोही उभा आहे.

आता १ राजे २१ उघडा. अहाब राजाला इज्रेल येथील नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, कारण तो राजवाड्याला लागून होता. अहाबाने सुरुवातीला जबरदस्ती केली नाही. बदल्यात चांगला मळा देतो किंवा रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या भाषेत त्याने योग्य मोबदला देऊ केला. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. अहाब रुसून अंथरुणावर पडला आणि जेवेना. आपल्या नकारापुढे राजालाही थांबावे लागते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

ईजबेलला हे पटले नाही. राजा असून तुम्हाला एक मळा मिळवता येत नाही का, असा तिचा सवाल होता. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, राजाची मोहर लावली, उपास जाहीर करवला आणि नियमशास्त्राला लागतात तेवढे दोन साक्षीदारही उभे केले. सगळी कागदपत्रे पूर्ण होती. न्याय तेवढा नव्हता. नाबोथाला दगडमार झाला आणि राजा मळा ताब्यात घ्यायला निघाला. तेव्हा परमेश्वराने एलीयाला थेट त्या मळ्यात पाठवले. ज्या जागी अधिकाराचा बांध फोडला, त्याच जागी राजाला जाब विचारला गेला.

२. आपल्या देशाच्या घटनेने घातलेला बांध

आपल्या राज्यघटनेच्या तेराव्या अनुच्छेदानुसार मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीपुरता रद्दबातल ठरतो. हक्क मोडला गेला तर बत्तिसाव्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात आणि दोनशे सव्विसाव्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बत्तिसाव्या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा मानले होते. हक्क नुसता लिहून पुरत नाही, तो मागायला दार लागते, हे त्यांनी ओळखले होते.

पण संसदेने घटनाच बदलून ते दार बंद केले तर? हा प्रश्न केशवानंद भारती खटल्यात आला. केरळमधील एका मठाच्या स्वामींनी जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध याचिका केली होती. तेरा न्यायाधीशांच्या पीठाने २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने निर्णय दिला : संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूळ चौकट मोडू शकत नाही. पुढे १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी तेच सूत्र आणखी स्पष्ट केले. दुरुस्तीचा अधिकार स्वतः मर्यादित आहे. त्याचा वापर करून तोच अधिकार अमर्याद करून घेता येणार नाही.

हे दिल्लीतले मोठे निकाल झाले. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला यातून काय आले? त्यासाठी तीन निकाल पाहू.

३. समथा : सरकारही नियमाखाली

आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमजवळच्या अनंतगिरी भागात बोऱ्हा नावाच्या प्रसिद्ध गुहा आहेत. तो भाग घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतो. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असा नियम आंध्रमध्ये १९५९ पासून होता आणि १९७० मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही तिथल्या सरकारी जमिनी खाणींसाठी खाजगी लोकांना भाडेपट्ट्याने दिल्या जात होत्या. समथा या संस्थेने त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयात ती हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली.

सरकारी बाजूचा युक्तिवाद असा होता की हा नियम व्यक्तींना लागू आहे, सरकार काही व्यक्ती नाही, त्यामुळे सरकार आपली जमीन कोणालाही देऊ शकते. ११ जुलै १९९७ रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने हे नाकारले. या नियमातील 'व्यक्ती' या शब्दात सरकारही येते, असा त्या निकालाचा गाभा आहे. खाजगी कंपन्यांना दिलेले पट्टे अवैध ठरले. जिथे खाणकाम होईल तिथे निव्वळ नफ्याचा किमान वीस टक्के भाग पाणी, शाळा, दवाखाने, रस्ते यांसाठी राखावा, असेही न्यायालयाने म्हटले.

एक सावधगिरी मात्र हवी. हा निकाल आंध्रच्या विशिष्ट नियमावर उभा आहे. २००१ मध्ये छत्तीसगडमधील बाल्को कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच समथा निकालाबद्दल शंका व्यक्त केली आणि मध्य प्रदेशचा कायदा वेगळा असल्याचे सांगितले. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी कोणत्याही बैठकीत "समथा निकालाने सगळीकडे खाणी बंद" असे सांगू नये. अर्धे खरे सांगून लोकांचे कसे नुकसान होते, हे मी अनुभवाने शिकले आहे.

४. नंदिनी सुंदर : हातात बंदूक कोणाच्या?

दुसरा निकाल आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडचा. माओवाद्यांशी लढण्यासाठी तिथे आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून भरती केले जात होते. शिक्षण पाचवीपर्यंत असले तरी चाले, मानधन महिना तीन हजार रुपये, प्रशिक्षण थोडे आणि हातात बंदूक. दोन्ही बाजूंनी मरणारे डोंगरातलेच. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. समानतेचा चौदावा आणि जीविताचा एकविसावा अनुच्छेद यांचा तिने भंग होतो, असे न्यायालय म्हणाले. हिंसाचार थांबवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे, पण ते घटनेच्या चौकटीत राहून करायचे आहे. गरीब मुलाच्या जिवाची ढाल करून ते करता येणार नाही.

५. नियमगिरी : ग्रामसभेचा शब्द

तिसरा निकाल ओडिशाचा. कालाहांडी आणि रायगडा जिल्ह्यांच्या सीमेवर नियमगिरी डोंगररांग आहे. तिथे डोंगरिया कोंध ही आदिवासी जमात राहते. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि लोकांच्या श्रद्धेप्रमाणे तिथेच त्यांचा नियमराजा वास करतो. खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने वनहक्क कायदा २००६ आणि घटनेतील धर्मस्वातंत्र्य यांचा आधार घेतला आणि या लोकांचे वैयक्तिक, सामूहिक, सांस्कृतिक व धार्मिक हक्क काय आहेत याचा विचार ग्रामसभांनी करावा, असा आदेश दिला. जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अधिकारी निरीक्षक म्हणून हजर राहणार होता.

राज्य सरकारने बारा गावे निवडली. जुलै-ऑगस्ट २०१३ मध्ये पावसात त्या सभा झाल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परवानगी नाकारली. नाबोथाचा नकार दगडांखाली गाडला गेला होता. इथे बारा गावांचा नकार नोंदवला गेला आणि पाळला गेला.

आपल्यापैकी काहींच्या मनात इथे प्रश्न येईल : डोंगराला देव मानणाऱ्यांच्या पूजेचे रक्षण झाले, याचा आपण आनंद का मानावा? मंडळीत एकदा हा प्रश्न मलाही विचारला गेला. माझे उत्तर असे : केरळमधील यहोवाचे साक्षी पंथाच्या तीन मुलांना शाळेतून काढले होते, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण विवेकाला पटत नसल्याने ते गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. या निकालालाही घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाचा आधार होता, आणि नियमगिरीच्या निकालालाही. आपली रविवारची उपासना त्याच अनुच्छेदाच्या छायेत होते. शेजाऱ्याच्या दारावरचे छप्पर काढून घेतले तर पाऊस आपल्या घरातही येणार. आणि त्याहून मोठे कारण हे की शेजाऱ्यावर प्रीती करताना तो कोणाची उपासना करतो, हे चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात विचारलेले नाही.

६. न्यायालयही चुकते

हे सांगितल्याशिवाय पाठ पुरा होणार नाही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निर्णय दिला की स्थानबद्ध केलेल्या माणसाला त्या काळात सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे मत देऊन उभे राहिले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद मिळाले नाही. त्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूडही होते, ज्यांनी चार वर्षांनी मिनर्व्हा मिल्सचा निकाल लिहिला. ते बहुमत चुकीचे होते, असे न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतः मान्य केले.

आपल्या कामाशी जवळचे उदाहरण २०१९ चे. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे वनहक्क दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जंगलजमिनीवरून काढण्याचे आदेश अनेक राज्यांना दिले. लाखो कुटुंबांवर संकट आले. मग केंद्र सरकारने आणि राज्यांनी न्यायालयापुढे जाऊन सांगितले की दावे फेटाळताना पुष्कळ ठिकाणी नीट प्रक्रिया पाळली गेली नव्हती. २८ फेब्रुवारीला आदेश स्थगित झाला आणि फेटाळलेल्या दाव्यांची फेरतपासणी सुरू झाली. पंधरा दिवसांत एवढा फरक पडला, कारण ज्यांच्या कागदावर "अमान्य" लिहिले होते त्यांच्या वतीने बोलणारे कोणीतरी उठले.

म्हणून न्यायालयावर आंधळा भरवसा ठेवा, असे मी म्हणत नाही. बांध घालून दिला तरी दर पावसाळ्यापूर्वी तो डागडुजी करावा लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

७. मग रोमकरांस पत्र १३ चे काय?

पौलाने तिथे अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटले आहे. सेवक म्हणजे ज्याच्यावर मालक आहे तो. सेवकाला कामही ठरवून दिलेले असते : चांगल्याला उत्तेजन आणि वाइटाला दंड. आपण कर भरतो, नियम पाळतो, अधिकाऱ्यांचा मान राखतो, तो याच वचनामुळे.

पण हेच लिहिणाऱ्या पौलाला फिलिप्पै येथे चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले गेले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा तो गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, अशी त्याची मागणी होती. यरुशलेमेत चाबकाचे फटके बसणार तेव्हाही त्याने नागरिकत्वाचा आधार घेतला. फेस्तापुढे तर त्याने सरळ कैसराकडे दाद मागितली. हे करताना त्याने शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. जो हक्क कायद्याने दिला होता तो उभे राहून मागितला. आजोबांना मी हे सांगायला हवे होते.

८. आपण काय करू शकतो

• निर्णय लेखी मागावा. वनहक्क दावा फेटाळला तर कारणे द्यावी लागतात आणि दावेदाराला कळवावे लागते. त्यानंतर साठ दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. समितीला योग्य वाटल्यास आणखी तीस दिवस मिळू शकतात.

• ग्रामसभेला जावे आणि बहिणींना सोबत न्यावे. वनहक्काच्या ग्रामसभेत निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात.

• वृद्धांचे जबाब लिहून घ्यावेत. दावेदार सोडून गावातील जाणत्या माणसांचा लेखी जबाब हा कायद्याने मान्य पुरावा आहे. उपग्रहाचे छायाचित्र पूरक आहे, ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही.

• घाबरून जमीन सोडू नये. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुटुंबाला काढता येत नाही, असे कायद्याच्या चौथ्या कलमात आहे.

• महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडे अपील करता येते. २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून ही सोय केली.

• वकिलाच्या पैशांची चिंता करू नये. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळू शकते. तालुका न्यायालयात चौकशी करावी.

९. गटचर्चेसाठी प्रश्न

१. राजाने नियमशास्त्राची प्रत स्वतः लिहावी, असे का सांगितले असेल?
२. अहाबाने मोबदला देऊ केला होता. तरीही नाबोथाचा नकार योग्य का होता?
३. ईजबेलच्या पत्रांवर मोहर होती. आपल्या भागात कागद पूर्ण आणि न्याय अपुरा, असे काही घडले आहे का?
४. आपल्यापेक्षा वेगळी श्रद्धा असलेल्या शेजाऱ्याच्या हक्कासाठी आपली मंडळी कधी उभी राहिली आहे का?
५. आपल्या मंडळीत किती जणांनी घटनेची उद्देशिका वाचली आहे? पुढील सभेत ती मोठ्याने वाचता येईल का?

प्रार्थनेसाठी विषय

न्यायाधीश, वन आणि महसूल अधिकारी व ग्रामसभांचे अध्यक्ष यांना शहाणपण मिळावे म्हणून प्रार्थना करा. ज्या कुटुंबांचे दावे प्रलंबित आहेत त्यांना धीर मिळावा. पाळक आणि कार्यकर्ते यांना वचन पूर्ण सांगण्याचे धैर्य मिळावे.

त्या आजोबांविषयी तुम्ही विचाराल. फेरतपासणीत त्यांची फाईल पुन्हा उघडली गेली आहे. या वेळी ग्रामसभेचा ठराव आणि पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब जोडले आहेत. त्यातल्या एकाने आजोबांच्या वडिलांना ती जमीन कसताना पाहिले आहे. निकाल अजून आलेला नाही. मी त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ताई, तेव्हा तुलाही माहीत नव्हतं. आता सगळ्यांना सांग." यंदा धाकटा गुजरातहून परत आला आहे आणि त्यांनी पूर्ण शेत पेरले आहे.

प्रभूच्या सेवेत,
आपली बहीण